बिलात एक, बोलण्यात एक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शहापुरातल्या एका कापड दुकानात बिले करण्याचे काम मी पत्करले. कॉमर्सची विद्यार्थिनी म्हटल्यावर मालकांनी संगणकावर हात चालतो ना, एवढेच विचारले. कापडातले काय कळते हे त्यांनी विचारले नाही, हे माझे नशीब. वाणिज्य शाखेत आम्ही मालाची खरेदी लिहितो, विक्री लिहितो, शिल्लक मालाचे मूल्यांकन निरनिराळ्या पद्धतींनी करतो. माल मात्र कधी हातात घेत नाही. ताळेबंदात ‘शिल्लक माल’ म्हणून जी रक्कम असते ती साखरेची की साड्यांची, ह्याने आमच्या उत्तरात काही फरक पडत नाही. दुकानात बसल्यावर तो फरक पडू लागला.

लग्नसराईच्या तोंडावर शहापुरात गिऱ्हाईक कुठून कुठून येते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. खाली गोव्याकडून, कोकणातून, खानापूर-चंदगडकडून मराठी बोलणारे. बैलहोंगल-सौंदत्तीकडून कन्नड बोलणारे. मला दोन्ही भाषा येतात म्हणून बिलांखेरीज मध्ये मध्ये दुभाष्याचेही काम पडे. माझ्याबरोबर नव्यानेच लागलेल्या चंदगडच्या मुलीला ते काम जड गेले. एका बाईंनी तिला ‘हत्ती सीरी तोरसरी’ म्हटले, तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने काठावर हत्तींची रांग असलेली साडी काढून पसरली. बाईंना हवी होती सुती साडी. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. सगळे हसलो. पण त्या बाईंना आपल्याला काय हवे आहे हे स्वच्छ माहीत होते, आणि त्या गोंधळातून त्या सुती साडीच घेऊन गेल्या. पुढे ज्या गोंधळाबद्दल मी लिहिणार आहे, तो भाषा न कळल्याचा नव्हे.

नरक चतुर्दशीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. खानापूर बाजूच्या एक वयस्कर बाई, बरोबर सून आणि धाकटी मुलगी. मुलीचे लग्न ठरलेले. सात-आठ साड्या झाल्या, शेवटी विहीणबाईंची साडी राहिली. ती ‘प्युअर सिल्क’च हवी, असे सुनेने दोनदा सांगितले. आमच्याकडचे जुने सेल्समन, ज्यांना दुकानात सगळे मामा म्हणतात, त्यांनी एक मोरपंखी रंगाची साडी उघडली. ‘प्युअर सिल्कच हाय न्हवं?’ बाईंनी विचारले. ‘एकदम प्युअर, मावशी,’ मामा म्हणाले. किंमत 1,850 रुपये. बाईंनी रुमालाची गाठ सोडून नोटा मोजल्या आणि मी बिल काढले. पडद्यावर मालाचे नाव उमटले, ‘सॉफ्ट सिल्क साडी’, आणि त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात आकडा आला, 5407. बाईंनी बिल चार घड्या करून बटव्यात घातले. खरे काय ते त्या कागदावर छापलेले होते. पण ते आकड्यात होते, आणि आकडा वाचता येणारी त्या वेळी तिथे एकटी मीच होते. मी काही बोलले नाही.

हा 5407 काय आहे, हे आपल्या वर्गातल्या पुष्कळांना परीक्षेपुरते माहीत असेल. जीएसटीच्या बिलावर मालाचा जो संकेतांक असतो, ज्याला आपण एचएसएन म्हणतो, तो काही आपल्या सरकारने मनाने ठरवलेला आकडा नव्हे. जागतिक सीमाशुल्क संघटनेने जगातल्या यच्चयावत मालाची एक वर्गवारी केली आणि ती 1988 पासून अमलात आली. तिच्यात 50 ते 63 ही प्रकरणे वस्त्रांची. गंमत अशी, की ह्या प्रकरणांचा क्रम कापडाच्या शास्त्राचाच क्रम आहे. 50 रेशीम, 51 लोकर, 52 कापूस, 53 ताग-अंबाडी-जवस वगैरे इतर वनस्पतिजन्य तंतू, 54 मानवनिर्मित अखंड धागा, 55 मानवनिर्मित आखूड तंतू. आधी कच्चा माल, मग सूत, मग कापड. त्यानुसार 5007 म्हणजे रेशमी कापड. 5208 म्हणजे हलके सुती कापड, ज्यात वजनाने निदान 85 टक्के कापूस आहे आणि ज्याचे वजन चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या वर नाही. 5209 त्याहून जड; आपली जीन पँट जिच्यापासून शिवतात ते डेनिम ह्यात येते. आणि 5407 म्हणजे संश्लेषित अखंड धाग्याचे विणलेले कापड. सरळ मराठीत सांगायचे तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मिश्र कापड असेल तर वजनाने जो तंतू जास्त, त्याच्या प्रकरणात ते जाते. तेव्हा 5407 ह्या साडीत रेशमाचा दोरा असलाच तर तो नावापुरता, बहुधा नसतोच.

आता कुणी म्हणेल, आकडा चुकीचा पडला असेल. मीही आधी तीच समजूत करून घेतली. पण दुकानातली जुनी खरेदी-बिले चाळल्यावर कळले, की आकडा घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावरून जसाच्या तसा आलेला असतो. तो खोटा लिहिण्यात कुणाचा फायदाही नाही. रेशमी, सुती आणि पॉलिएस्टर ह्या तिन्ही कापडांवर कराचा दर 5 टक्केच आहे. म्हणून आकडा सहसा खरा असतो. म्हणजे व्यापारी सरकारला खरे सांगतो आणि विहिणीच्या साडीसाठी रुमालाची गाठ सोडणाऱ्या बाईंना खोटे सांगतो. आणि दोन्ही एकाच कागदावर, एकाच ओळीत, एका बोटाच्या अंतरावर छापतो. ह्या लेखाचा सगळा रोख ह्या एका बोटाच्या अंतरावर आहे.

मी मामांना त्या रात्री दुकान आवरताना विचारले. ते चिडले नाहीत. ‘अगं पोरी,’ ते म्हणाले, ‘सिल्क म्हणजे रेशीम न्हवं. सिल्क म्हणजे चमक. अठराशेत रेशीम येत नाही हे गिऱ्हाइकाला कळत नाही व्हय? कळतंय. पण ‘पॉलिएस्टर’ म्हटलं की विहिणीला देता येत नाही. म्हणून आपण सिल्क म्हणायचं, त्यांनी सिल्क ऐकायचं.’ ह्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या आहेराच्या साड्यांचे पाहा. पेटीवर सोनेरी अक्षरांत ‘सिल्क’, आत काय ते देणाराला ठाऊक, घेणाराला ठाऊक, आणि दोघेही पेटीकडे पाहून समाधानाने मान हलवतात. साडी पुढच्या लग्नात पेटीसकट पुढे जाते. काही साड्या तर नेसण्यासाठी जन्मालाच येत नाहीत, फिरण्यासाठी येतात. अशा साडीला काय म्हणावे ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण खानापूरच्या बाई ‘न्हवं?’ असे विचारत होत्या. ज्याला ठाऊक असते तो विचारत नाही.

मामांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र फार खरी होती आणि ती मला नंतर लक्षात आली. त्यांनी ‘सिल्क म्हणजे रेशीम नव्हे’ असे सहज म्हटले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कान देऊन ऐकले. दिवसभरात ‘सिल्क’ हा शब्द दुकानात शेकडो वेळा उच्चारला गेला. ‘रेशीम’ एकदाही नाही. कन्नड गिऱ्हाइकांकडूनही ‘सिल्क’च, ‘रेष्मे’ फारच क्वचित. दुपारी एका मावशींनी सहज विचारले, ‘रेशमी आहे का हो?’ आणि तेच मामा, तीच साडी हातात घेऊन, किंचित थांबले आणि म्हणाले, ‘रेशमी म्हणजे... तसं नाही, सॉफ्ट सिल्क आहे.’ मला हे फार नवलाचे वाटले. आपल्या घरच्या शब्दात मामांना खोटे बोलता येईना. परका शब्द मध्ये आला की जीभ सैल सुटते. ‘कॉटन’ आणि ‘सुती’ ह्यांचेही तेच. ‘कॉटन आहे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पोतात निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असू शकते. ‘सुती आहे का’ म्हटले की उत्तर जरा जपून येते. मराठीच्या अभिमानाने मी हे लिहीत नाही. कन्नड शब्दाचाही अनुभव हाच आहे. ज्या शब्दामागे आपल्या आजीपणजीने हाताळलेला पदार्थ उभा आहे, तो शब्द सहजासहजी वाकत नाही.

‘आर्ट सिल्क’ हा तर ह्या सगळ्यांचा मुकुटमणी. आमच्या वर्गातल्या दहा जणींना मी अर्थ विचारला. आठ जणी म्हणाल्या, कलाकुसर केलेले रेशीम. त्यातला ‘आर्ट’ हा कलेचा नव्हे. ‘आर्टिफिशिअल’ ह्या शब्दाचे ते डोके आहे, धड कापून टाकलेले. कृत्रिम रेशीम, मूळचे व्हिस्कोस रेयॉन, जे लाकडाच्या लगद्यापासून करतात. आपल्याच राज्यात हरिहरला, तुंगभद्रेच्या काठी, ते होते. वाईट पदार्थ मुळीच नव्हे. अंगाला थंड, रंग छान घेणारा. पण ते रेशीम नाही, आणि ‘आर्ट’ म्हणून कुणी त्याचे चार पैसे जास्त देत असेल तर ती कला विक्रेत्याची. ‘सेमी सिल्क’, ‘लिची सिल्क’, ‘सॉफ्ट सिल्क’ ही सगळी ह्याच घराण्यातली पुढची पिढी. इलकलचे विणकर ह्याच कृत्रिम रेशमाला ‘चमका’ म्हणतात. किती प्रामाणिक शब्द! चमकते म्हणून चमका. रेशीम असल्याचा दावा नाही.

इथे थोडे थांबून एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण तो विक्रेत्याच्या फार पथ्यावर पडतो. कापडाच्या नावांत दोन निरनिराळ्या जाती आहेत. काही नावे तंतूची: सुती, रेशमी, लोकरी, पॉलिएस्टर. काही नावे विणीची किंवा पोताची: पॉपलिन, ड्रिल, सॅटिन, जॉर्जेट, शिफॉन, मखमल. विणीचे मूळ प्रकार तीनच. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. बाणा एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून असा गेला की साधी वीण. मलमल, केंब्रिक, लाँगक्लॉथ, पॉपलिन, व्हॉइल सगळी हिची लेकरे, फरक सुताच्या बारीकपणाचा, पिळाचा आणि दाटीचा. प्रत्येक ओळीत वीण एक घर पुढे सरकली की तिरप्या रेघा उमटतात, ती ट्विल. शाळेच्या खाकी चड्डीचे ड्रिल आणि डेनिम ही तिची उदाहरणे. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणूनच जीन बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी. आणि धागा चार-चार घरांवरून मोकळा उडी मारत गेला, एकाच घरी अडकला, की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, उजेड परततो, ती सॅटिन. म्हणजे सॅटिनची चमक ही धाग्याची नसून उडीची असते. ती रेशमाची करता येते, सुताची करता येते, पॉलिएस्टरची तर ढिगाने करतात. शिफॉन, जॉर्जेट हीही तशीच, जोरात पीळ दिलेल्या धाग्याची साधी वीण. तेव्हा ‘हे सॅटिन आहे’ हे उत्तर ‘हे कशाचे आहे’ ह्या प्रश्नाचे होत नाही. पण दुकानात ते तसे दिले जाते आणि आपण ते तसे घेतो.

पूर्वी कापडाला बहुधा गावाचे नाव असे. कॅलिको हे कालिकतचे, डंगरी हे मुंबईच्या डोंगरीचे. आपल्या मांजरपाटाचा मांजराशी काही संबंध नाही. तेही एका गावाचेच नाव, जिभेवर घासून घासून तसे झालेले. पैठणी, इरकली, माहेश्वरी. गावाच्या नावात एक जामीन असे: त्या गावचा माल कसा असतो हे घेणाराला ठाऊक असे, आणि वाईट माल गेला तर गावाचे नाव जाई. ‘सॉफ्ट’ नावाचे कुठलेही गाव नाही. बिघडले तर कुणाचेच नाव जात नाही.

ह्यात नुकसान कुणाचे, असा खरा प्रश्न आहे. खानापूरच्या बाईंचे काहीशे रुपयांचे असेल. मोठे नुकसान दुसऱ्याच माणसाचे होते, आणि तो त्या दुकानात आलेलाही नसतो.

बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या साडीचे उदाहरण घ्या. मराठी घरांत ती इरकली म्हणून कित्येक पिढ्या नेसली जाते. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी, हे तिचे जुने रूप. पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा वेगवेगळा लावून तो प्रत्येक साडीला फासाफासाने एकमेकांत अडकवतात. ‘तोपे तेणी’ म्हणतात त्या पद्धतीला. हे काम हाताने, एकेका धाग्याने होते. आता तिच्याच रंगांची, तिच्याच काठाची, यंत्रमागावर पॉलिएस्टरमध्ये काढलेली साडी ‘इरकल सिल्क’ म्हणून शेजारी टांगली, तर काय होते? अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे लिहिले, आणि ज्यासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तेच होते. घेणाराला चांगले-वाईट ओळखता येत नसेल, तर तो मधलीच किंमत देऊ करतो. मधल्या किमतीला चांगला माल देणे परवडत नाही. चांगला माल बाजारातून उठतो. उरतो तो वाईट. आपण हे जुन्या मोटारींचे म्हणून पाठ करतो. त्या दुकानात मी ते साड्यांचे पाहिले. अस्सल इरकल पाहून एक तरुण बाई म्हणाल्या, ‘शेजारी सिल्कची नऊशेला आहे, मग ही सुती असून चार हजार कशी?’ मामांनी अस्सल साडी घडी करून ठेवली. समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता, आणि सांगायचे तर शेजारची सिल्क नव्हे हे कबूल करावे लागले असते. एक खोटे नाव असे दुसऱ्या खऱ्या मालाचे तोंड बंद करते.

खणाचेही तेच. गुळेदगुड्डचा खण, ज्याच्या चोळ्या ह्या भागातल्या आपल्या आज्यांनी जन्मभर घातल्या, तो अलीकडे एकाएकी फॅशनमध्ये आला. खणाची साडी, खणाचा झब्बा, खणाची पर्सदेखील. मागणी वाढली, पण त्यातला किती वाटा गुळेदगुड्डच्या मागाकडे गेला आणि किती पॉलिएस्टर धाग्यावर चालणाऱ्या यंत्रमागाकडे, हे बिलावरच्या आकड्यांवरून मला तरी स्पष्ट दिसले.

मी पॉलिएस्टरची वैरीण आहे असा कुणी समज करून घेऊ नये. ह्या विषयावर लिहिणारी मंडळी खादीचे गोडवे गाताना टेरिकॉटचा शर्ट घालून बसलेली असतात, त्या पंथातली मी नाही. माझ्या घरी रोज नेसायच्या साड्या पॉलिएस्टरच्याच आहेत. धुवायला पाणी कमी, वाळायला वेळ कमी, इस्त्री नको, वर्षानुवर्षे विरत नाही. मोलमजुरीला जाणाऱ्या बाईला ह्या कापडाने जे दिले ते कुठल्या हातमाग सप्ताहाने दिलेले नाही. इंग्लंडमध्ये 1941 साली व्हिन्फील्ड आणि डिक्सन ह्या दोघांनी हा तंतू शोधला. खनिज तेलातून निघणाऱ्या रसायनांपासून तो होतो, म्हणून स्वस्त. त्याचा दोषही लपवण्यासारखा नाही. हवेतला ओलावा कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के धरतो, रेशीम अकरा टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मे महिन्यात अथणी-रायबागच्या उन्हात, मांडवात, ती ‘सॉफ्ट सिल्क’ नेसून विहीणबाई उभ्या राहतील तेव्हा हे त्यांना आकड्याशिवाय कळेल. गुण-दोष दोन्ही सांगून विकावे इतके ते सरळ कापड आहे. शर्टपँटच्या गिरणीच्या कापडाच्या किनारीवर ‘67 टक्के पॉलिएस्टर, 33 टक्के कॉटन’ असे छापलेले आपण पाहतो, आणि म्हणून त्याचा खप कमी झाल्याचे ऐकिवात नाही. पुरुषांच्या कापडाला जो खरेपणा परवडतो तो बायकांच्या साडीला का परवडू नये?

खरे नाव सांगितले की विणकर तरलाच, असेही मी म्हणत नाही. जवळचेच उदाहरण आहे. हुबळीजवळच्या बेंगेरीला 1957 साली स्थापन झालेला खादी संघ राष्ट्रध्वज तयार करतो. धारवाडजवळच्या गरगची खादीही ह्यासाठी नावाजलेली. सूत हाताने कातलेले, कापड हाताने विणलेले असेच असले पाहिजे, असा ध्वजाचा नियम होता. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर केलेला आणि पॉलिएस्टरचाही ध्वज चालेल असे ठरले. 2022 च्या ऑगस्टमध्ये घरोघरी ध्वज लागले, आणि बेंगेरीची मागणी घटल्याच्या बातम्या आल्या. इथे कुणी कुणाला फसवले नव्हते; नियम उघड होता, कापड उघड होते. तरी हात रिकामे झाले. तेव्हा खऱ्या नावाने सगळे सुटत नाही. पण तिथे निदान काय गेले आणि कशामुळे गेले हे दिसते, त्यावर भांडता येते. शहापुरातल्या दुकानात तेही दिसत नाही.

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. आपण दुसऱ्या वर्षाला माल विक्री कायदा, 1930 शिकतो. कलम 16 मधले ‘ग्राहकाने सावध राहावे’ हे तत्त्व सगळ्यांना पाठ असते, कारण ते लॅटिनमध्ये आहे आणि पाच गुणांना येते. त्याच्याच आधीचे कलम 15 कुणाच्या लक्षात राहत नाही. वर्णन सांगून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही गर्भित अट त्यात आहे. ‘एकदम प्युअर सिल्क’ हे वर्णन नव्हे तर काय? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही मालाच्या घटकद्रव्यांबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मोजली आहे. शिवाय केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 पासून ‘सिल्क मार्क’ काढला आहे, 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. म्हणजे कलमे आहेत, शिक्के आहेत, आकडा तर प्रत्येक मोठ्या दुकानाच्या बिलावर आहेच. नाही ती एवढीच गोष्ट, की ह्यातले काहीही काउंटरच्या अलीकडच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत नाही.

माझी मागणी मोठी नाही. साडीच्या घडीवर किमतीची चिठ्ठी असतेच. तिच्यावर तीन शब्द वाढवावेत: अंग कशाचे, काठ कशाचा, जर कशाची. आणि ते मराठीत व कन्नडमध्ये. ‘अंग पॉलिएस्टर, काठ पॉलिएस्टर, जर प्लॅस्टिकची’ असे वाचूनही ज्यांना घ्यायची ते घेतील, आणि 1,850 ऐवजी कदाचित 1,200 ला मागतील. व्यापाऱ्यांची भीती नेमकी तीच आहे, हे न समजण्याइतकी मी भाबडी नाही. पण चांगला माल ठेवणारेही ह्या गावात आहेत, आणि आज त्यांची साडी नऊशेच्या ‘सिल्क’शेजारी गुन्हेगारासारखी उभी असते.

दुसरी मागणी आपल्याच प्राध्यापक मंडळींकडे. जीएसटीचा तास घेताना एक दिवस फळ्याऐवजी कापडाचे तुकडे आणावेत. पॉपलिन, ड्रिल, सॅटिन, खण, एक रेशमी चिंधी, एक आर्ट सिल्कची. एक भिंग, एक काडेपेटी. आतल्या शिवणीतून किंवा कडेतून एक-एक दोरा ओढून जाळून पाहावा. (पदराच्या गोंड्यातून ओढू नये, गोंडा निराळ्या धाग्याचा असू शकतो.) सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. व्हिस्कोस कापसासारखेच जळते, तिथे ह्या परीक्षेचा उपयोग नाही, हेही सांगावे. एका तासात प्रकरण 50 पासून 55 पर्यंत सगळे शिकवून होईल आणि कुणी विसरणार नाही. प्रयोगशाळा काय सायन्सवाल्यांच्याच मालकीची आहे?

दिवाळी संपल्यावर मी ते काम सोडले नाही. शनिवारी-रविवारी अजून जाते. फीचे पैसे त्यातून निघतात, आणि मामांशीही माझे वाकडे नाही. एवढे मात्र ठरवले आहे, की गिऱ्हाइकाने मला विचारले तर बिलातला आकडा वाचून दाखवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. मालकांच्या कानावर हे घातले आहे. ते ‘बघू’ म्हणाले. आतापर्यंत दोघींनी विचारले. पहिलीने साडी परत केली. दुसरीने आकडा ऐकला, साडीवरून एकदा हात फिरवला, आणि म्हणाली, ‘असू दे, रंग चांगला आहे,’ आणि दीडशे रुपये कमी करून मागितले. मामांनी शंभर कमी केले.